विरजण कुणी मारलं?

१

डेअरीच्या फाटकातून गाडी आत घेतली तेव्हाच काहीतरी बिनसल्याचं लक्षात आलं. एरवी या वेळी आमच्या डेअरीत कोण कुणावर ओरडतंय ते कळत नाही. आज सगळे दह्याच्या मोठ्या टाकीभोवती गप्प उभे होते, मयताला जमल्यासारखे. मध्ये माझी बायको होती. तिच्या हातात लांब दांड्याची पळी होती.

तिने पळी टाकीत बुडवली, वर काढली आणि तिरकी केली. दूध धार धरून खाली पडलं.

"आजही नाही," ती म्हणाली.

काल दुपारीच दही लागायला हवं होतं. लागेना, म्हणून टाकी रात्रभर उबेत ठेवली. तरी दूध ते दूधच. बायकोने पळी नाकाजवळ नेली आणि कपाळाला आठी घातली. "आंबट वास येतच नाहीये. पावाच्या भिजवलेल्या पिठाला येतो तसला येतोय."

तिच्या वासाकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती. सगळे मॅनेजरसाहेबांच्या तोंडाकडे बघत होते.

इथे माझी ओळख करून देतो. मी दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर. आमच्या डेअरीला दूध घालणारे गोठे तीनच. रोज सकाळी तिथून कॅन उचलायचे, इथे आणून उतरवायचे, हे माझं काम. कंबरेचं पार भुसकट झालंय. त्यात हल्ली मास्तरांचा कॅन उचलताना तर डोळ्यांपुढे तारे चमकतात. बायको म्हणते वय झालं. तिचं काम विरजणघरात. एका बरणीत मूळ विरजण असतं. त्याला ती रोज भुकटीचं दूध पाजते, उबेला ठेवते, थंडीत ठेवते. पोटच्या पोरांचे तिने एवढे लाड केले नाहीत, हे मी पोरांसमोरसुद्धा सांगतो.

मॅनेजरसाहेब घसा साफ करून म्हणाले, "वहिनी, आठवडाभर हेच चाललंय. उद्या संध्याकाळी संचालकांची बैठक आहे. मी त्यांना काय सांगू? हे जुनं विरजण मोरीत ओतून पाकिटातलं आणायचं आणि विरजणघरात नवीन माणूस नेमायचा, एवढाच मार्ग दिसतो मला."

"माझा पाठिंबा आहे," मागून आवाज आला. हे मास्तर. शाळेतून निवृत्त होऊन त्यांनी गायी पाळल्या आणि शाळेतली शिस्त गोठ्यात आणली. ते संचालकही आहेत. "बाई, वाईट वाटून घेऊ नका. पण स्वच्छता म्हणजे स्वच्छता. तुमच्या हातून कुठेतरी चूक होतेय."

माझं डोकं तापलं. मी पुढे सरसावणार, तेवढ्यात बायकोने पळी माझ्या छातीला आडवी लावली. ती रडली नाही, भांडलीही नाही. पळी धुवून खुंटीला लावली आणि म्हणाली, "उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे ना? मग मी अक्काला बोलावते."

अक्का म्हणजे माझी थोरली मेहुणी. मी आधी जाऊन हात धुतले.

२

अक्का मोठ्या हॉस्पिटलात जंतूंच्या प्रयोगशाळेची प्रमुख आहे. पेशंटच्या रक्तातून, लघवीतून जंतू वाढवायचा आणि तो कोणत्या औषधाने मरतो ते डॉक्टरांना सांगायचं, हे तिचं काम. आयुष्यभर जंतूंची उलटतपासणी केल्यामुळे ती माणसांशीही तशीच बोलते. आमच्या लग्नात तिने मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "हात धुतलेत का?"

दुपारी ती आली. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "मयत कुठे आहे?"

"मयत?"

"विरजण हो, भाऊजी. ते मेलंय असं तुमचे साहेब म्हणतात ना? चला, दाखवा."

टाकी बघितली, वास घेतला, बायकोकडे बघून हुं केलं. मग टाकीतलं दूध तिने बाटलीत घेतलं आणि टाकी धुणाऱ्या माणसाला बोलवायला सांगितलं. त्याला आम्ही सगळे साबणराव म्हणतो. बिचारा आला तोच हात पुसत.

"टाकी कशाने धुता?"

"जंतुनाशकाने, बाई. मग पाण्याने."

"किती जंतुनाशक घालता?"

साबणरावाने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. "बाई, खोटं नाही बोलत," तो म्हणाला, "मागे साहेब टाकीवरून फार बोलले. तेव्हापासून दुप्पट घालतो. पण पाणीही भरपूर मारतो, आईशपथ."

मॅनेजरसाहेब ताडकन म्हणाले, "सापडला! यानेच मारलं."

"गप्प बसा हो," अक्का म्हणाली. साहेबांना असं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं आणि मेहुणीबद्दल माझ्या मनात पहिल्यांदा माया दाटून आली.

विरजणघरातल्या टेबलावर तिने तीन बरण्या मांडल्या. "मारेकरी तीन जातींचे असू शकतात," ती म्हणाली. "एक, साबण नाहीतर जंतुनाशक. ते कुणाला सोडत नाही. जिवाणू, बुरशी, यीस्ट, समोर येईल त्याला मारतं. दुसरा, विरजणाला होणारा विषाणू. तो भलता चोखंदळ. एका घराण्याचं विरजण मारेल, शेजारच्या घराण्याच्या वाटेला जाणार नाही. तिसरा कोण ते नंतर सांगते."

पहिल्या बरणीत तिने टाकीतलं दूध घेतलं, त्यात साखर आणि पावाचं यीस्ट घातलं. दुसऱ्या बरणीत तेच दूध, पण त्याला दुकानातून आणलेल्या दुसऱ्याच कंपनीच्या दह्याचं विरजण. तिसऱ्या बरणीत भुकटीचं दूध आणि त्याला बायकोच्या बरणीतलं, मयत म्हणून जाहीर झालेलं विरजण. तिन्ही उबेला ठेवल्या आणि मग कुठे पाणी मागितलं.

संध्याकाळी ती, बायको आणि मी टेबलापाशी जमलो. साबणराव दाराआड उभा होता.

पहिली बरणी फेसाने भरून वाहत होती. "यीस्ट मजेत आहे," अक्का म्हणाली. "म्हणजे दुधात साबण नाही. ऐकलंत का दारामागचे? घरी जा आणि जेवा." दाराआडून हुंदका आला आणि पावलं लांब गेली.

दुसरी बरणी तिने हलवली. दूध डुचमळलं. "दुसऱ्या घराण्याचं विरजणही मेलं. म्हणजे विषाणूही नाही."

तिसरी बरणी तिने उचलून सरळ उलटी केली. मी खाली हात धरला, पण काही पडलं नाही. भुकटीच्या दुधाचं दही बरणीत गच्च बसलं होतं. बायकोने तोंडावर हात ठेवला.

"तुझं विरजण ठणठणीत आहे, धाकटे," अक्का म्हणाली. "दोष दुधात आहे. त्यात असं काहीतरी आहे, जे यीस्टला हात लावत नाही आणि जिवाणू मात्र कोणत्याही घराण्याचा असो, मारतं. माझं सगळं आयुष्य त्याच्याबरोबर गेलंय. हे अँटिबायोटिक आहे, आणि तेही मोठ्या पल्ल्याचं."

मग ती माझ्याकडे वळली. "आणि भाऊजी, ते तुमच्या गाडीतून आलंय."

३

मला रात्री जेवण गेलं नाही. बायकोने वाढलं आणि अक्काने माझ्या ताटातलंही संपवलं.

सकाळी ती गाडीत माझ्याशेजारी बसली. मी विचारलं, "पण आम्ही दूध तापवतो की. औषध मरत नाही का त्यात?"

"औषध जिवंत कुठे असतं मरायला? तापवून जंतू मरतात. हे औषध बऱ्यापैकी तसंच राहतं."

"आणि ते मारतं कसं?"

हा प्रश्न तिला आवडला असावा. कारण पहिल्यांदाच तिने उत्तर देताना माझे हात बघितले नाहीत. "जिवाणू वाढतो, एकाचे दोन होतात, तेव्हा त्याला अंगाभोवती नवी भिंत बांधावी लागते. हे औषध त्या भिंतीच्या गवंड्यालाच धरून ठेवतं. भिंत अर्धवट राहते, जिवाणू फुगतो आणि फुटतो. थंडीत निजलेल्याला फारसं काही होत नाही. उबेत येऊन वाढायला लागला की मेला. यीस्टची भिंत वेगळ्या मालाची, तिला वेगळा गवंडी, म्हणून ते वाचतं."

"आणि मोठ्या पल्ल्याचं म्हणजे?"

"काही औषधं एकदोन जातींपुरती असतात. हे नाना जातींच्या जिवाणूंना धरतं. पेशंट तापाने फणफणलेला येतो, रक्तदाब कोसळतोय, जंतू कोणता ते कळायला दोन दिवस लागणार. तोवर वाट बघितली तर माणूस हातचा जाईल. अशा वेळी हेच द्यावं लागतं आणि ते जीव वाचवतं. पण देण्याआधी आम्ही रक्ताचा नमुना घेतो. जंतूचं नाव कळलं की हे बंद करून नेमकं औषध सुरू करतो. नाहीतर सुक्याबरोबर ओलंही जळतं. पोटातले चांगले जिवाणूही मरतात आणि जे उरतात ते निर्ढावतात." तिने खिडकीची काच वर केली. "तुमच्या साहेबांचं तेच चाललंय. कोण चुकलं ते माहीत नाही, म्हणून विरजणही ओता आणि माणूसही काढा. मला नाव हवंय. नाव कळल्याशिवाय मी परत जाणार नाही."

पहिला गोठा जोडगोळीचा. हे दोघे भाऊ. पूर्वी दुधात पाणी घालताना सापडलेले, त्यामुळे आमच्याकडे काहीही हरवलं तरी पहिलं नाव यांचं येतं. आम्ही पोचलो तेव्हा जनावरांचे डॉक्टर तिथे होते आणि त्यांच्या हातात इंजेक्शन होतं. मी अक्काला कोपराने ढोसलं.

"या गायीला काय झालंय?" अक्काने विचारलं.

"कासेला सूज आहे," डॉक्टर म्हणाले. "अँटिबायोटिक चालू आहे. औषध संपल्यावरही काही दिवस दूध डेअरीला घालायचं नाही, असं बजावलंय यांना."

"मग ते दूध जातं कुठे?"

भावांनी एकमेकांकडे बघितलं. धाकटा पुटपुटला, "मांजरं पितात."

गोठ्याच्या दारात एक मांजर पसरलं होतं. एवढं लठ्ठ मांजर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तरी एका गायीचं सगळं दूध एक मांजर पितं यावर माझा विश्वास बसेना.

"डॉक्टर, या तीन गोठ्यांत आणखी कुणाला औषध चालू आहे?" अक्काने विचारलं.

"दुभत्या गायींपैकी? नाही. फक्त हिलाच."

अक्काने कॅनमधलं दूध बाटलीत घेतलं आणि बाटलीवर खडूने खूण केली.

दुसरा गोठा थोरल्या बाईंचा. त्या अंगणातच उभ्या होत्या. "औषध? माझ्या गोठ्यात डॉक्टरचं पाऊल पडून वर्ष झालं असेल," त्या म्हणाल्या. "माझ्या गायी आजारी पडत नाहीत. मला घाबरतात." अक्काने त्यांच्याकडे आदराने बघितलं आणि बाटली भरली.

तिसरा मास्तरांचा. मास्तर फाटकातच भेटले. "हवं ते तपासा," ते म्हणाले. "औषध चालू असलेल्या गायीचं थेंबभर दूधही माझ्या कॅनमध्ये जात नाही. आणि सध्या माझ्या एकाही दुभत्या गायीला औषध नाही. मी खोटं बोलत नाही, हे तुमच्या भाऊजींना विचारा."

मी मान डोलावली. मास्तरांशी माझं पटत नाही, पण ते खोटं बोलत नाहीत हे खरं. त्यांचा कॅन गाडीत चढवताना माझ्या कंबरेत कळ आली आणि मी मनात सबंध शिक्षकवर्गाचा उद्धार केला.

परतताना मी म्हटलं, "जोडगोळीच आहे अक्का. पैज लावता?"

"मी अंदाजाने औषध सांगत नाही आणि अंदाजाने चोरही सांगत नाही," ती म्हणाली.

४

तिन्ही बाटल्यांमधलं दूध बायकोने आपल्या हाताने तापवलं, निववलं आणि तीन बरण्यांत विरजलं. मग आम्ही वाट बघत बसलो. मॅनेजरसाहेब दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा त्यांच्या हातात पाकिटातल्या विरजणाचा नमुना होता. तो त्यांनी मुद्दाम टेबलावर ठेवला. बायकोने तो उचलून खिडकीत ठेवला.

दुपार कलली तशी अक्काने पहिली बरणी उचलली. जोडगोळीची. उलटी केली. दही लागलेलं होतं, सुरेख, कापावं असं. मी तोंडात मारल्यासारखा बसलो. लठ्ठ मांजराची मी मनातल्या मनात माफी मागितली.

दुसरी बरणी, थोरल्या बाईंची. तीही घट्ट. बहुतेक तेही बाईंना घाबरलं असावं.

तिसरी उचलताना अक्काने बरणी जरा तिरपी केली, तर आतलं पातळ दूध काठापर्यंत आलं.

"मास्तर!" मी ओरडलोच. "वरून स्वच्छतेचे धडे देतोय! आता बैठकीत त्याला..."

"थांबा," बायको म्हणाली. आदल्या सकाळपासून तिचा आवाज इतका चढलेला मी ऐकला नव्हता. "अक्का, मास्तर खोटं बोलणारा माणूस नाही. त्यांनी मला नावं ठेवली असतील, पण खोटं नाही बोलत ते. तू यांचं ऐकू नकोस."

"मी यांचं कधी ऐकलंय?" अक्का म्हणाली. तिने बरणी उजेडात धरली. "डॉक्टर म्हणतात दिलं नाही. मास्तर म्हणतात दिलं नाही. दोघंही खरं बोलताहेत असं धरू. तरी दुधात औषध आहे."

तिने पर्समधून एक छोटी कुपी काढली. मास्तरांचं उरलेलं दूध दोन बरण्यांत वाटलं. एका बरणीत कुपीतले थेंब टाकले. दोन्हींना विरजण लावायला बायकोला सांगितलं आणि पदर खोचला.

"भाऊजी, गाडी काढा. बैठकीच्या आत मला मास्तरांचा गोठा आतून बघायचाय."

५

मास्तरांचा गोठा आमच्या घरापेक्षा स्वच्छ आहे, हे बायकोने ऐकलं नसेल अशी आशा करतो. भिंतीला खिळा होता आणि त्यावर लाल पट्टे टांगले होते.

"गायीला औषध सुरू केलं की मागच्या पायात लाल पट्टा," मास्तरांनी समजावलं. "पट्टा असेल तोवर तिचं दूध वेगळ्या बादलीत आणि ते जातं खड्ड्यात. मी गायी धरल्या तेव्हापासूनचा नियम. सगळे पट्टे खिळ्यावर आहेत, बघून घ्या."

अक्काने बघितलं. समोर पाच गायी उभ्या होत्या, एकीच्याही पायात पट्टा नव्हता.

"मागे काय आहे?"

"भाकड गायी. विण्याआधी दूध आटवलं की त्या मागच्या पडवीत जातात. व्याल्या की पुढे येतात."

गोठ्याच्या कोपऱ्यात काकू, म्हणजे मास्तरांची बायको, पोत्यावर बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर वासराचं डोकं होतं. हाताने दुधाची बाटली त्याच्या तोंडाशी धरली होती, पण ते नुसतं चघळत होतं. केवढंसं ते. पायांच्या नुसत्या काड्या. शेपटीखालचं सगळं अंग पिवळ्या हगवणीने माखलेलं. काकू ते ओल्या फडक्याने सारखं पुसत होत्या.

"सारखं लागलंय हो त्याला," काकू म्हणाल्या. "याच्या आईचंच दूध देतेय, दुसरं काही नाही. तरी थांबत नाही. रात्रभर यांनी आणि मी पाळी लावून बसायचं."

मास्तर खाली बसले आणि वासराच्या कानामागे खाजवू लागले. शाळेत पोरं ज्यांना बघून वर्गात पळायची, ते हेच मास्तर. "जगवणार आम्ही याला," ते म्हणाले.

अक्का वाकली. तिने वासराच्या अंगावरून हात फिरवला, ओठ वर करून हिरड्या बघितल्या. "याची आई कधी विणार होती, मास्तर?"

"अजून महिनाभर तरी अवकाश होता. घसरून पडली आणि लवकर व्याली. चीक संपेपर्यंत थांबलो आणि मगच दूध डेअरीला घालायला लागलो. नियमाप्रमाणे."

अक्का उभी राहिली. तिचा चेहरा बघून मला वाटलं तिला चक्कर आली.

"काय झालं?" मी कुजबुजलो.

"चला, भाऊजी," ती म्हणाली. "नाव मिळालं."

वाटेत मी तिला दहा वेळा विचारलं. दहा वेळा तिने खिडकीबाहेर बघितलं.

६

बैठक मॅनेजरसाहेबांच्या खोलीत भरली. संचालक, मास्तर, डॉक्टर, जोडगोळी, थोरल्या बाई, सगळे दाटीवाटीने बसले. बायको दारापाशी उभी होती, मूळ विरजणाची बरणी पोटाशी धरून. तिचा निकाल काय लागेल ते तिला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं.

अक्काने दोन बरण्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. "दोन्हींत आज सकाळचं मास्तरांचं दूध आहे. विरजण धाकटीचंच. फरक एवढाच, की एकीत मी कुपीतले थेंब घातलेत. माझ्या हॉस्पिटलात काही निर्ढावलेले जंतू आहेत. त्यांनी पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधांवर तोड काढली आहे. ते एक विकर बनवतात. विकर म्हणजे कात्रीच समजा. ती औषधाचा रेणू फाडते. कुपीत ती कात्री आहे."

तिने थेंबांची बरणी उलटी केली. दही जागचं हललं नाही. मग दुसरी उलटी केली. दूध साहेबांच्या टेबलावर, तिथून पाकिटातल्या विरजणाच्या माहितीपत्रकावर आणि तिथून साहेबांच्या मांडीवर गेलं.

"कात्रीने औषध फाडलं, दही लागलं. औषध राहिलं, दही लागलं नाही," अक्का म्हणाली.

मास्तर उठले. त्यांचे कान लाल झाले होते. "हा सरळ आरोप आहे. माझ्या दुभत्या गायींपैकी एकीलाही औषध दिलेलं नाही. डॉक्टर साक्षीला आहेत. हा कॅन माझ्या गोठ्यातून निघाल्यावर गाडीत कुणाच्या हातात होता, ते विचारा!"

सगळे माझ्याकडे वळले. मी खुर्चीत आक्रसलो.

"मास्तर, तुम्ही खरं बोलताय," अक्का शांतपणे म्हणाली. "माझ्या बहिणीने तर ते माझ्या आधी सांगितलं. मला फक्त एकच सांगा. लाल पट्टा कुणाला बांधता?"

"औषध चालू असलेल्या दुभत्या गायीला."

"आणि भाकड गायीला औषध दिलं तर?"

"तिला कशाला पट्टा? तिचं दूध कोण काढतं? ती तर..."

मास्तर थांबले. त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर आधीच डोक्याला हात लावून बसले होते.

"गाय आटवली की चारही सडांत औषध भरतो आम्ही," डॉक्टर म्हणाले. "कासेत लपलेला जंतू मरावा म्हणून. मोठ्या पल्ल्याचंच असतं, आणि मुद्दाम हळूहळू सुटणारं. वेळेवर व्याली की तोवर निघून गेलेलं असतं. ही लवकर व्याली. मास्तर, तुम्ही मला कळवलं नाहीत."

"कळवायचं कशाला?" मास्तरांचा आवाज बारीक झाला. "गाय बरी होती. ती मागून पुढे आली. पायात पट्टा नव्हता. म्हणून मी..." ते खाली बसले. "माझीच गाय. माझाच नियम."

मला एकदम कॅन आठवला. एका गायीचं दूध वाढलं होतं, म्हणून तो जड लागत होता. उत्तर आठवडाभर माझ्या कंबरेत दुखत होतं आणि मी आपला वयाला शिव्या देत होतो.

मॅनेजरसाहेब मांडी पुसत म्हणाले, "म्हणजे आठवडाभराचं नुकसान..."

"नुकसान?" अक्का कडाडली. "साहेब, दही लागलं असतं तर ते औषध लोकांच्या ताटात गेलं असतं. कुणाला त्याची ॲलर्जी असते, एखाद्याचा जीव गेला असता. तुमच्याकडे दूध तपासायची सोय नाही. हिच्या विरजणाने रोज मरून तुम्हाला सांगितलं, की दुधात खोट आहे. आणि तुम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालात."

थोरल्या बाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "वहिनी राहणार. आणि उद्यापासून प्रत्येक गोठ्याचं दूध आधी बरणीत विरजून बघायचं. हात वर करा." हात वर झाले. जोडगोळीने दोन्ही दोन्ही केले.

मास्तरांनी केला नाही. ते उठून बायकोसमोर उभे राहिले. एवढ्या वर्षांत पोरांकडून माफी मागून घेतलेली, स्वतः मागायची सवय नसावी. "बाई, मी तुम्हाला..."

"वासराला अजून तेच दूध पाजताय?" बायकोने विचारलं.

मास्तर दचकले. "हो. आईचंच."

"आजपासून नको. दुसऱ्या गायीचं द्या. त्यातलं औषध त्याच्या पोटातही गेलंय ना? आतले चांगले जिवाणू सगळे मेले असतील, म्हणून थांबत नाही त्याचं. होय ना गं, अक्का?"

"होय," अक्का म्हणाली. "डॉक्टर, तुम्ही आत्ताच त्याला बघायला जा. अंगातलं पाणी कमी पडू देऊ नका."

बायको विरजणघरात गेली. आली ती दह्याने भरलेला डबा घेऊन. आदल्या दिवशीच्या उलट्या बरणीतलं, भुकटीच्या दुधाचं दही होतं ते. तिने तो डबा मास्तरांच्या हातात ठेवला. "दुधात थोडं थोडं कालवून द्या. संपलं की यांच्या गाडीतून आणखी पाठवते."

मास्तरांनी डबा दोन्ही हातांनी धरला आणि मान खाली घालून बाहेर गेले. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही.

काही दिवसांनी त्यांच्या गोठ्यावर गाडी लावली. कॅन उचलला तर अजूनही हलकाच होता. त्या गायीचं दूध अजून खड्ड्यातच जात होतं. मागच्या पडवीत नजर गेली. भाकड गायी रवंथ करत बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या मागच्या पायात लाल पट्टा होता.

मास्तर रिकामा डबा घेऊन आले. घासून, पुसून, लख्ख करून आणला होता. "बाईंना सांगा," ते म्हणाले, आणि थांबून त्यांनी मागे बघितलं. अंगणात काकूंच्या मागे मागे काड्यांच्या पायांवर काहीतरी धडपडत येत होतं.

"सांगा, उभं राहिलं."